दार वाळेपर्यंत

रविवारी दुपारी दादा घरी जेवायला आला, भाजी दोनदा मागून घेतली आणि वर लोणच्याची वाटी बोटाने पुसून लख्ख केली. आता हे विसरून जा. असं काही झालेलंच नाही. दादा आला नाही, जेवला नाही, भाजी आईनेच दोनदा खाल्ली आणि लोणचं हवेत उडून गेलं. या घरात दादाला यायला बंदी आहे, ती अजून उठलेली नाही, आणि उठली म्हणणाऱ्याशी पेंटर भर रस्त्यात वाद घालायला तयार आहेत. तेव्हा आपण शहाण्यासारखं बंदीपासूनच सुरुवात करू, म्हणजे कुणाचाच शब्द खाली पडायला नको.

पेंटर म्हणजे दादाचे आणि बारकीचे बाबा. त्यांचं खरं नाव चर्चच्या नोंदीत आणि आईच्या रागात तेवढं शिल्लक होतं. बाकी सगळं गाव त्यांना पेंटर म्हणे. गावातल्या झाडून साऱ्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. घर आणि दुकान एकच होतं. पुढच्या खोलीत पाट्या, मागच्या खोल्यांत माणसं, आणि दोघांना मिळून दार एक.

पेंटरांना पुरुषाचा चेहरा एकच काढता यायचा, आणि तो दादाचा. दादा रांगत होता तेव्हा दूध डेअरीच्या पाटीवर बाळ म्हणून चढला. सायकलच्या दुकानावर तो शाळकरी झाला, सलूनच्या पाटीवर त्याला मिशी फुटली, शिंप्याच्या पाटीवर त्याचं लग्न ठरलं. टाक्या साफ करणाऱ्याच्या पाटीवर तर तो डोक्यावर बादली घेऊन असा हसत होता, की त्यात काही आनंद असावा असं लोकांना वाटू लागलं. बायकांच्या बाबतीत पेंटरांची आणखी पंचाईत. त्यांना बाई फक्त पाठमोरी यायची, केस मोकळे सोडलेली. कारण आयुष्यात बाई काढायचं काम मिळालं ते एकदाच, केसांच्या तेलाच्या जाहिरातीचं.

तर बंदी. गल्लीच्या टोकाला आणखी एक पाट्यावाला होता. त्याचं दुकान बुडालं आणि बुडता बुडता त्याने अक्षरं कापायचं मशीन विकायला काढलं. चिकट कागदाचा रोल घाला, बटण दाबा, अक्षरं तयार. सोला नि चिकटवा. पेंटरांना त्या मशीनचं नाव काढलं तरी घास कडू लागे. म्हणून त्यांनी ते विकत घेतलं. वापरायला नव्हे, दुसऱ्या कुणी वापरू नये म्हणून. हातगाडीवर घालून आणलं, दुकानाच्या बरोबर मधोमध ठेवलं, वर जुनी चादर टाकली आणि दोन्ही मुलांना समोर उभं केलं.

"या दुकानातलं सगळं तुमचं," ते म्हणाले. "ब्रश घ्या, रंग घ्या, शिडी घ्या. या मशीनला मात्र हात लावायचा नाही. ज्या दिवशी लावाल, त्या दिवशी तुमचा हात मेला म्हणून समजा."

आई आतून भांडं पुसत आली. "हात लावायचा नाही तर मधोमध कशाला ठेवलंय? माळ्यावर टाका की."

"माळ्यावर टाकलं तर मग आज्ञा कशाला हवी?"

"तेच म्हणतेय मी," आई म्हणाली आणि आत गेली.

मुलं चांगली होती. बरेच दिवस मशीनला वळसा घालून चालली. मग एका दुपारी पेंटर कामावर गेलेले असताना रोल विकणारा आला. हा माणूस असा, की पायरीवर चढताना त्याच्या चपलेचा आवाज यायचा नाही. बघावं तर शेजारी उभा. चादरीचं टोक बोटाने उचलून तो बारकीला म्हणाला, "हात मरतो म्हणाले? खरंच? अहो ताई, काही मरत नाही. उलट डोळे उघडतात."

बारकीने चादर काढली. बटण दाबलं. मग दादाला हाक मारली, त्यानेही दाबलं. मशीन जरा गुरगुरलं आणि त्यातून "पिठाची गिरणी" बाहेर आली. सगळी अक्षरं एका उंचीची, चकचकीत, कवायतीला उभी केल्यासारखी. दोघांनी ती भिंतीला लावून बघितली, आणि मग शेजारच्या पाटीकडे बघितलं, आणि तेव्हा त्यांचे डोळे खरोखरच उघडले. दुकानातली सगळी अक्षरं वाकडी होती. बाबांचा 'ग' पोट पुढे काढून उभा होता, 'र' घसरत चालला होता, 'ळ' तर बसल्या बसल्या पेंगत होता. जन्मापासून बघत आलेल्या त्या पाट्यांची दोघांना एकदम अशी लाज वाटली, की त्यांनी त्या एकेक करून भिंतीकडे तोंड करून ठेवल्या.

ऊन उतरल्यावर पेंटर परत आले. मुलं शिडीमागे लपली होती.

"कुठे आहात रे?" पेंटर म्हणाले. मग त्यांनी उलट्या पाट्या बघितल्या. "या अशा का? बघण्यासारख्या नाहीत असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

दादा शिडीमागून म्हणाला, "बारकीने चालू केलं. आणि बारकीला माझ्या हाताखाली तुम्हीच दिलीत."

बारकी म्हणाली, "मला रोलवाल्याने सांगितलं."

रोलवाल्याला कुणी काही विचारलं नाही. तो तेव्हा पुढच्या गल्लीत चहा पीत होता.

एवढ्यावर थांबलं असतं तर दोन दिवसांचा अबोला आणि एक उपास, यात भागलं असतं. पण दादा शिडीमागून बाहेर आला, आणि खरं बोलायची अवदसा आठवावी तसा बोलला, "पण बाबा, अक्षरं खरंच वाकडी आहेत."

पेंटरांनी एक पाटी सरळ करून भिंतीला टेकवली. मग त्यांनी दाराकडे बोट केलं. "चालता हो. पुन्हा या दाराच्या आत पाऊल टाकायचं नाही."

"चादर मी काढली," बारकी म्हणाली. "मलाही काढा."

"तू लहान आहेस."

बारकी चोवीस वर्षांची होती. तिला जुन्या पाट्या खरवडायचं काम मिळालं, दादा अंगावरच्या शर्टानिशी बाहेर पडला. पापात अर्धा वाटा आपला आणि शिक्षेत चतकोरही आपल्याला मिळू नये, हे तिच्या जिवाला लागून राहिलं. आईने त्यानंतर पेंटरांना ताट वाढताना एकच वाक्य ठेवलं होतं, "माळा रिकामाच आहे अजून." आणि पेंटर? पेंटर ऐकत, जेवत आणि गप्प बसत. त्यांचा शब्द आणि त्यांचा ऑइल पेंट, दोन्ही एकदा बसले की खरवडून निघत नसत. हे गावाला ठाऊक होतं.

दादा दोन गल्ल्यांपलीकडे एका छापखान्यात लागला. वरच्याच खोलीत राहायचा. तिथे त्याच्याकडे कुठलं मशीन होतं ते सांगायला नको.

अशात एके दिवशी पाळक दुकानात आले. चर्चमागे मुलांच्या वर्गाची नवी खोली बांधली होती, तिच्या भिंतीवर पहिल्या माणसांची गोष्ट काढून हवी होती. एकाच भिंतीवर तीन भाग. आधी बाग, मग फळ, मग शेवटी दार, तलवारवाला देवदूत आणि बाहेर काढलेले दोघं. "रविवारी मुलांना खोली उघडून द्यायची आहे," पाळक म्हणाले. "शेवटचा भाग जरा ठसठशीत काढा. मुलांना जबाबदारी कळली पाहिजे."

पेंटर आणि बारकी कामाला लागले. पेंटरांची रीत ठरलेली होती. डावीकडून उजवीकडे जायचं, बारकीने आधी मागची जमीन, झाडं, आभाळ भरायचं, आणि मग पेंटरांनी त्यात माणसं उभी करायची. जिथे एखादी महत्त्वाची वस्तू यायची तिथे पेंटर खडूने खूण करून ठेवत. दाराची खूण त्यांनी भिंतीच्या उजव्या टोकाला केली, आणि ती जरा जोरातच केली, खडू मोडला.

पहिले दिवस मजेत गेले. पेंटर शिडीवरून पाळकांना अडचणी विचारत. "साहेब, सापाला नंतर पोटावर चालायची शिक्षा झाली ना? म्हणजे आधी पाय असणार. किती काढू?"

पाळकांनी खूप विचार केला. "चार काढा. नाही, थांबा. गवत उंच काढा."

हव्वा पाठमोरी निघाली, केस टाचेपर्यंत. एकाच फटक्यात कला आणि मर्यादा दोन्ही सांभाळल्या गेल्या. अंजिराची पानं पेंटरांना येत नव्हती, भाजीवाल्याच्या पाटीमुळे कोबीची येत होती. म्हणून आदाम कोबीत उभा राहिला. आणि मग पेंटर आदामाचा चेहरा काढायला बसले.

दुपारी पाळक बघायला आले. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "हा आपला डेअरीवरचा बाळ ना?"

"हो," पेंटर म्हणाले. "मोठा झाला."

बारकीच्या हातातला ब्रश जागच्या जागी राहिला. तिला एकदम पुढचं सगळं दिसलं. बाग झाली, फळ झालं, आता उरलं दार. आणि दाराबाहेर बाबा कुणाला काढणार? ज्याचा एकच चेहरा येतो त्याला. एकदा तोंडाने हाकललं ते निदान हवेतलं होतं. आता ऑइल पेंटमध्ये हाकलणार. आणि ऑइल पेंटला बाबा पंचवीस वर्षांची गॅरंटी देत.

त्या संध्याकाळी ती छापखान्याच्या वर गेली.

"तू आदाम झालायस," तिने दादाला सांगितलं.

"कपडे आहेत का?"

"कोबी आहे."

दादाने हातांनी गोल करून दाखवला. "गड्डा?"

"पानं रे! ऐक. तू घरी चल. आत्ता. बाबांच्या पाया पड, काहीतरी कर."

"बोलावलंय त्यांनी?"

"नाही."

"मग मी कसा येऊ? दारातून परत पाठवलं तर? एकदा हाकललेला माणूस ठीक दिसतो, बारके. दोनदा हाकललेला गमतीशीर दिसतो." तो खिडकीतून खाली बघत राहिला. समोर सलूनची पाटी होती आणि पाटीवर तोच होता, मिशीसकट. "अक्षरं वाकडी आहेत हे खोटं नव्हतं."

"खरं होतं. म्हणून लगेच बोलायचं?"

"इथे मी दिवसभर सरळ अक्षरं कापतो," दादा म्हणाला. "कुठली कुणी कापली ते मलाच सांगता येत नाही. बाबांचा 'ग' मी गावाच्या वेशीवरून ओळखेन. हे सांगायचं होतं तेव्हा. तोंडातून अर्धंच बाहेर आलं."

तर पेच असा होता, की बोलावल्याशिवाय दादा यायचा नाही आणि शब्द फिरवल्याशिवाय पेंटर बोलवायचे नाहीत. दोघंही एकाच मातीचे, आणि ती माती भट्टीत जरा जास्तच वेळ राहिलेली.

दुसऱ्या सकाळी बारकीने आयुष्यातला दुसरा गुन्हा केला. पेंटर ब्रश धुवायला गेले असताना तिने दाराच्या खडूच्या खुणेवर भराभरा बाग भरून टाकली. एक पेरूचं झाड, दोन ससे, थोडं आभाळ. पेंटर आले. बघत उभे राहिले. बारकीचे कान तापले.

"इथे दार यायचं होतं," पेंटर म्हणाले.

"चुकून भरलं गेलं."

"हं." त्यांनी ससे नीट निरखले. "मग दार पुढे घेऊ."

पुढे म्हणजे कोपऱ्यापलीकडच्या भिंतीवर. तिथे त्यांनी नवी खूण केली, या वेळी हलकीशी. बारकीला वाटलं, उद्या हीदेखील भरून टाकू. पण उद्या ती आली, तर खुणेवर कमळांचं तळं होतं. पेंटर तिच्या आधी येऊन बसले होते आणि तळ्यात एक बदक सोडत होते.

"इथे जरा दाटी होत होती," ते म्हणाले. "दाराला ऐसपैस जागा हवी."

त्यानंतर दार चालतच सुटलं. दुसरी भिंत संपली. तिसऱ्या भिंतीवर खिडकी होती, तिला वेली चढल्या. विजेच्या बटणांच्या पाटीभोवती चिमणीचं घरटं झालं. नळाखाली हरीण पाणी प्यायला आलं. ज्या दोघांना बागेतून काढायचं होतं, ते प्रत्येक भिंतीवर पुन्हा पुन्हा दिसू लागले: आदाम बदकाला काहीतरी समजावतोय, आदाम झोपलाय, आदाम बादली घेऊन चाललाय आणि शेजारी हव्वा पाठमोरी. दोघांनाही बागेत राहून राहून चांगलं अंग धरलं होतं.

पाळक शुक्रवारी आले तेव्हा खोलीभर बाग होती आणि ते तिच्या मधोमध उभे होते.

"पेंटर, शिक्षा कुठे आहे?"

"येतेय, साहेब. वाटेत आहे."

पाळक तसे मायाळू होते. ते मुलांसाठी आणलेल्या छोट्या बाकावर बसले, गुडघे हनुवटीला लागले. बारकीला राहवलं नाही.

"मला एक सांगा. फळ खाल्ल्यावर त्यांना बरं-वाईट कळायला लागलं. म्हणजे खाण्याआधी कळत नव्हतं. मग न ऐकणं वाईट असतं, हे तरी त्यांना कसं कळणार होतं?"

"हा प्रश्न दरवर्षी येतो," पाळक म्हणाले. "बहुतेक सातवीतल्या मुलांकडून."

"उत्तर काय देता?"

"प्रार्थनेला उभे राहा म्हणतो." त्यांनी चष्मा पुसला. "खरं सांगू का? मला वाटतं, ते वाईट आहे हे कळत नसेल. पण आपल्यावर माया करणारा माणूस नको म्हणतोय, एवढं तर कळत होतं. तेवढी जबाबदारी होतीच त्यांची. तेवढीच."

"आणि झाड मधोमध लावणाऱ्याची?" शिडीवरून आवाज आला. तो पेंटरांचा होता. प्रश्न आईचा होता.

पाळकांनी वर बघितलं. "काय माहीत, पेंटर. पण एक गोष्ट आहे. माणसं ती सांगताना घाईत गाळतात. बाहेर काढण्याआधी देवाने त्या दोघांना कपडे शिवून दिले. चामड्याचे. चांगले अंगभर."

पेंटर शिडीवरून एक पायरी उतरले. "कुणी शिवले?"

"त्यानेच. स्वतः बसून."

"हाकलायचं होतं ना? मग कपडे कशाला?"

"बाहेर थंडी असणार."

"म्हणजे तेव्हा राग होता की काळजी?"

"तुम्हाला दोन मुलं आहेत, पेंटर," पाळक म्हणाले. "मला एकही नाही. तुम्हीच सांगा."

पेंटरांनी ब्रश रंगात बुडवला. पाळक गेल्यावर त्यांनी आदामाला आणि हव्वेला गळ्यापासून गुडघ्यापर्यंत कोट चढवले. शिंप्याच्या पाटीवरचा कोट त्यांना पाठ होता. बटणं लावली, खिसे काढले, एका खिशातून रुमालाचं टोक काढलं. मग ब्रश खाली ठेवून ते बारकीकडे न बघता म्हणाले, "तो शर्टावर गेला होता, नाही?"

"हो."

"स्वेटर?"

"खुंटीवर आहे. आई आठवड्याला उन्हात घालते."

शनिवारी सकाळी चारही भिंती भरलेल्या होत्या आणि दाराला जागा कुठेच उरली नव्हती. उरलं होतं ते खोलीचं खरं दार. "त्याच्यावरच काढू," पेंटर म्हणाले. "तेच बागेचं दार." बाजूच्या चौकटीवर त्यांनी आधी देवदूत उभा केला. त्याच्या हातात जळती तलवार होती. पण पेंटरांनी आयुष्यात पहारा देणारा माणूस बघितलेला म्हणजे बँकेचा वॉचमन, त्यामुळे देवदूताचं पोट जरा सुटलं होतं आणि तो जांभई दाबत होता.

आता दार. दार कधी उभं रंगवायचं नाही, रंग ओघळतो. बिजागरीतून उतरवायचं आणि आडवं ठेवून रंगाचा हात मारायचा. हे पेंटरांनी दोन्ही मुलांना चालायच्या आधी शिकवलं होतं. त्यांनी आणि बारकीने दार उतरवलं, दोन स्टुलांवर आडवं टाकलं, पहिला हात मारला. काम झाल्यावर पेंटर वळले आणि त्यांना रिकामी चौकट दिसली.

आत बाग. बाहेर अंगण. मधे काही नाही. देवदूत तलवार घेऊन एका भोकाशेजारी उभा होता, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा. एक कुत्रं आलं, आत गेलं, हरणाखाली जाऊन झोपलं. त्याला कुणी अडवलं नाही. अडवायचं कशाने?

पेंटर डबा न उघडता त्या चौकटीकडे बघत बसले. जेवायची वेळ टळून गेली. मग ते उठले.

"दार वाळायला किती दिवस लागतात?" त्यांनी विचारलं. पस्तीस वर्षं दारं रंगवणारा माणूस मुलीला विचारत होता.

बारकीने जपून उत्तर दिलं. "हवेवर आहे."

"घराच्या दारालाही हात मारायला झालाय," पेंटर म्हणाले. "उद्या प्रार्थनेहून आलो की उतरवू. पण ते जड आहे. तुला पेलायचं नाही. एक माणूस बोलावून आण. उंच पाहिजे. बाहेरच्या बाजूने धरायला."

"कुठला माणूस?"

"मी काय सांगू? छापखान्याकडे असतात उंच माणसं."

बारकी त्या दिवशी दोन गल्ल्या पळत गेली, आणि वाटेत डेअरी, सायकलचं दुकान आणि शिंपी या तिघांवरचा दादा तिच्याकडे बघून हसला.

रविवारी चर्चमागच्या खोलीत मुलं शिरली, ती अशी शिरली की बाहेर निघायला तयार होईनात. दार अजून ओलं होतं, स्टुलांवर. पाळकांनी चारही भिंती बघितल्या, कोट बघितले, रुमाल बघितला. "पुढच्या रविवारपर्यंत वाळेल ना, पेंटर?" "प्रयत्न करू, साहेब." पाळकांनी अधिक चौकशी केली नाही. त्यांनी बाकावर जागा शोधली.

आणि दुपारी घरी, दाराच्या बाहेर दादा उभा होता. आत पेंटर उभे होते. मधे बंद दार.

"धरलं का?" पेंटरांनी दाराला विचारलं.

"धरलं," दार म्हणालं. निदान आईला तसंच वाटलं, आणि तिने डोळ्यांना पदर लावला.

पेंटरांनी बिजागरीचे खिळे उपटले. "उचल. हळू. तुझ्या बाजूने जरा वर. अरे वर, खाली नव्हे! इतका वाढलास, वर-खाली कळत नाही." दार हललं, कुरकुरलं आणि सुटलं. दादाने ते दोन्ही हातांत तोलून बाजूला घेतलं, आणि मग त्याच्यात आणि बाबांच्यात काहीच उरलं नाही. इतक्या महिन्यांनी दोघांनी एकमेकांना बघितलं. पेंटरांना दिसलं, की सलूनच्या पाटीवरची मिशी चुकली आहे. खरी जरा पातळ आहे.

"आता?" दादा म्हणाला.

"आता आत आण. स्टुलावर ठेवायचंय."

"आत?" दादा उंबऱ्याकडे बघत तसाच उभा. "तुम्ही म्हणाला होता, या दाराच्या आत..."

"म्हणालो होतो. शब्द म्हणजे शब्द." पेंटर खाकरले. "पण दार आहे कुठे आता? तुझ्या हातात आहे. तू चाल, ते तुझ्याबरोबरच येईल. तू त्याच्या आत कसा जाशील?"

दादा विचार करायला लागला. बारकी ओरडली, "अरे, डोकं लावू नकोस! एकदा लावलंस तेवढं पुरे!"

दादा आत आला. दार स्टुलांवर ठेवलं. आईने त्याच्या डोक्यातून स्वेटर घातला, ऐन दुपारी, उकडत असताना, आणि तो गुपचूप घालून बसला. पुढचं तुम्हाला माहीत आहे, आणि ते झालेलं नाही. पेंटर सबंध जेवणात दादाशी एक अक्षर बोलले नाहीत. ते भिंतीकडे बघून म्हणत, "मीठ लागत असेल तर घ्यावं माणसाने." आणि दादा वाटीला सांगे, "पुरे आहे." जेवण झाल्यावर दादा दुकानात गेला आणि नुकत्याच रंगवलेल्या एका पाटीसमोर खूप वेळ उभा राहिला.

"'ग' बघतोयस?" मागून पेंटर म्हणाले. भिंत जवळ नव्हती, म्हणून असेल.

"हो."

"वाकडा आहे."

"आहे," दादा म्हणाला. "तुमचाच आहे. लांबून कळतं."

पेंटर यावर दाराला दुसरा हात मारायला निघून गेले.

तेव्हापासून ते दार वाळलेलं नाही. वाळत आलं की पेंटर उठतात, बोट लावून बघतात, रंग जरा फिका वाटतो म्हणतात आणि आणखी एक हात मारतात. दार आता पहिल्यापेक्षा चांगलं जाड झालं आहे. बंदी कायम आहे. दादा रोज जेवायला येतो. मशीन माळ्यावर गेलं. ते आईने सांगितलं आणि दादाने चढवलं. चर्चमागच्या खोलीचं दारही आडवंच आहे.

हे सगळं इतकं सुरळीत चाललेलं बघून बारकीला एक विचार सुचला. तिने दुकानातली चांगली पाटी घेतली, बाबांकडून समास आखून घेतला, दादाकडून मसुदा तपासून घेतला, आणि हाताने, वाकड्या अक्षरांत, एक अर्ज रंगवला. पाळकांनी तो उभ्याने वाचला, मग बसून वाचला, आणि खाली "शिफारशीसह पुढे सादर" असा शेरा मारून सही केली. पुढे म्हणजे कुठे, हे त्यांनी आभाळाकडे बघून ठरवायचं ठेवलं आहे. अर्ज असा:

प्रति,
मा. निर्माते,
आकाश व पृथ्वी.

मार्फत: पाळक, स्थानिक चर्च.

विषय: बागेचे दार रंगकामासाठी उतरवून मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, आपल्या मालकीच्या बागेचे पूर्वेकडील दार पहिल्या रहिवाशांना बाहेर काढल्यापासून आजतागायत रंगवलेले नसावे, असा आमचा अंदाज आहे. पहाऱ्यावरील देवदूतासही तेव्हापासून सुट्टी मिळाल्याचे ऐकिवात नाही.

सदर रहिवाशांना दिलेली शिक्षा मागे घ्यावी, अशी आमची मागणी नाही. आपला शब्द कायम राहावा. त्यांनी आज्ञा मोडली, हे आम्हास मान्य आहे. आपण त्यांना कपडे शिवून दिलेत, हेही आम्ही विसरलेलो नाही. फक्त दार उभे रंगवता येत नाही, ही तांत्रिक अडचण आपल्या निदर्शनास आणून देण्यात येत आहे.

तरी कृपया सदर दार बिजागरीतून उतरवून आडवे ठेवण्याचे आदेश संबंधितांना व्हावेत. रंग, ब्रश व मजुरी आमची. दार बाहेरच्या बाजूने धरण्यास माणसे लागतील. बाहेर आम्ही सर्वजण उपलब्ध आहोत. पुरेसे हात मारण्याची आणि ते दार कधीही पूर्ण न वाळण्याची लेखी हमी आमचे दुकान देत आहे.

त्वरित कार्यवाही व्हावी, ही विनंती.